सर्जेरावांचं कडक पोट

मी मुळात चिडकी आहे. जालन्यात सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत बसून दिवसाला चाळीस पोटं बघायची म्हटल्यावर कोण गोड राहील? त्यामुळे सर्जेरावांचे आकडे तिसऱ्यांदा वेडेवाकडे आले तेव्हा मी प्रोब बाजूला ठेवला आणि म्हणाले, "काका, तुम्ही पोट आवळताय. सैल सोडा."

"सैलच हाय म्याडम," दात आवळून ते म्हणाले.

सर्जेराव परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल. वय एक्कावन्न. एकोणिसाव्या वर्षी ते तिथं कामाला गेले, तेव्हा हमालीचा बिल्ला देण्याआधी मुकादम देवानंद नव्या पोराच्या पोटात ठोसा मारून बघायचा. पोट आत गेलं की पोरगं घरी. सर्जेरावांना ठोसा मारल्यावर मुकादमाचीच बोटं दुखली, हे ते तपासणीच्या टेबलावर आडवे पडल्यापडल्याही मला ऐटीत सांगत होते. तेव्हापासून बत्तीस वर्षं त्यांनी तूर, हरभरा, सोयाबीन पाठीवर वाहिलं. क्विंटलाची पोती होती तेव्हा क्विंटलाची, पन्नास किलोचे कट्टे आले तर एका वेळी दोन. मुलगा राजानंद शिक्षक झाला तो याच पाठीच्या जोरावर.

पाच वर्षांपूर्वी आतड्याला भोक पडून त्यांचं पोट उघडावं लागलं. तीन महिने वजन उचलायचं नाही असं बजावलेलं असताना हा माणूस विसाव्या दिवशी मोंढ्यात हजर! टाके आतून सुटले आणि बेंबीच्या वर पोट फुगून बाहेर येऊ लागलं. हर्निया. चार वर्षं त्यांनी तो पंचा आवळून लपवला, बायकोलाही नीट बघू दिला नाही. शिंक आली की हात पोटावर, हसू आलं तरी हात पोटावर. शेवटी हसणंच सोडून दिलं.

आता सर्जन ऑपरेशनला तयार होते, पण आधी त्यांना माझ्याकडून एक आकडा हवा होता. पोटाच्या भिंतीचे स्नायू दोन्ही बाजूंनी ओढून मधली फट बंद करायची, तर ते किती ताठ आहेत हे कळायला हवं. आमच्या मशीनमधून एक हलकी लाट स्नायूत जाते. ताठ स्नायूतून ती पळते, मऊ स्नायूतून रमतगमत जाते, आणि त्यावरून पडद्यावर आकडा उमटतो. आकडा कमी आला तर ऑपरेशन इथंच, येत्या मंगळवारी. जास्त आला तर आधी स्नायू ढिले करायची इंजेक्शनं, मग महिनाभर थांबणं, आणि मोठ्या शहरात मोठं ऑपरेशन. सर्जेरावांचा आकडा भरमसाट येत होता.

"काका, तुम्हाला कुणी काही सांगितलंय का?"

"वार्डातल्या सिस्टर बोलल्या, पोटाचा कडकपणा मोजणार हायेत." मग त्यांचा आवाज खाली आला. "म्याडम, फेल करू नका. ढिल्ला निघालो तर मोंढ्यात कोण उभं करतं? सकाळपासून दम धरून राह्यलो."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. हा माणूस परीक्षा द्यायला आला होता, आणि पास व्हायच्या नादात नापास होत चालला होता. मी समजावलं की इथं मऊ पोटच चांगलं. त्यांनी मान डोलावली आणि पोट आणखी आवळलं. बत्तीस वर्षांच्या समजुतीपुढे माझ्या डिग्रीचं काय चालणार?

कोपऱ्यातल्या स्टुलावर त्यांची बायको बेबीनंदा बसली होती. त्याच मोंढ्यात ती दाभण-सुतळीनं पोत्यांची तोंडं शिवते. ती उठून जवळ आली. "म्याडम, पोट शिवायचंच ना शेवटी?"

"हो मावशी."

"मंग अवो," ती नवऱ्याकडे वळली, "गच्च भरलेल्या पोत्याचं तोंड कधी शिवल्या जातं का? तुम्ही ठेचून ठेचून भरता अन मी बोंबलते. दोन काठ जवळच येत न्हाईत. ओढून शिवलं तर सुतळी पोतं फाडून बाहेर येती. जरा ढिलं ठेवलं की बराबर बसतं."

सर्जेराव छताकडे बघत राहिले. हे त्यांना कळलं, माझ्यापेक्षा बरं कळलं. त्यांनी लांब श्वास सोडला आणि पोट सैल टाकलं. फुगवटा आपोआप आत गेला. बेबीनंदानं मला न विचारता हात पुढे केला आणि पोत्याचं तोंड मापावं तशी फटीवर बोटं आडवी ठेवली.

"चार बोटं," ती म्हणाली. "शिवल्या जाईल."

मी प्रोब लावला. आकडा चांगला आला. "मंगळवारी, इथंच," मी म्हणाले.

"म्हंजे पास?"

"पास."

"मंग सुगीत पोती उचलीन ना?"

थोडं खोटं बोलायला हवं होतं का, हे मला अजूनही ठरवता येत नाही. मी म्हणाले, "नाही काका. एवढं वजन आता पुन्हा कधीच नाही."

त्यांचा चेहरा हलला नाही. पण प्रोब अजून पोटावर होता, आणि पडद्यावरचा आकडा झरझर चढत गेला. कुणाचं दुःख इतकं उघडं मी कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

बेबीनंदानं पडद्याकडे बघितलंही नाही. तिचा हात अजून नवऱ्याच्या पोटावरच होता.

"परत आवळलं तुम्ही," ती म्हणाली. "दाभण धरायला काय जोर लागतो? माझ्याजवळ बसा. दुसरं दाभण हाय माझ्याकडं."

"बाया हसतील."

"हसू द्या. टाके वाळले की तुम्ही बी हसा. चार वर्षं झाली तुमचं हसणं ऐकून."

आकडा खाली यायला बराच वेळ लागला. बाहेर रांग खोळंबली होती. कुणीतरी दार वाजवलं तेव्हा मी ओरडले, "थांबा जरा!" आणि प्रोब तसाच धरून बसले.