कानशीनं पाडलेली खाच

आज मलकापूरच्या माझ्या दुकानात दुरुस्ती करताना एक सर्किट जळालं. तो कडवट वास नाकात शिरला आणि वीसेक वर्षांपूर्वीची एक दुपार समोर आली.

नसरीन आमच्याच गल्लीत कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका बनवायची. दुरुस्तीसोबत मीही तेव्हा पत्रिका करायचो, आणि माझी अर्धी गिऱ्हाइकं तिनं ओढली होती. त्या दुपारी ती नवं ग्राफिक्स कार्ड रुमालात गुंडाळून माझ्याकडे आली.

"भाऊ, हे माह्या जुन्या मदरबोर्डात बसून नाही राह्यलं. काऊन?"

कारण मला ठाऊक होतं. जुन्या स्लॉटचं व्होल्टेज नव्या कार्डाला सोसणारं नव्हतं. ते चुकूनही आत जाऊ नये, म्हणूनच त्याची खाच मुद्दाम दुसऱ्या जागी होती.

"खाच जागेवर नाही. कानशीनं एक पाड, बसते," मी म्हणालो. वर माझीच कानस दिली.

माझ्या बाकावर बसून, हिरवी भुकटी फुंकरीनं उडवत, तिनं किती जपून खाच पाडली! मी चहा पीत बघत होतो. खोटं कशाला बोलू, मजा येत होती.

तासाभरात तिच्या दुकानातून हाच वास आला. ऐन लग्नसराईत कार्डही गेलं आणि बोर्डही.

संध्याकाळी ती कानस परत करायला आली. डोळे लाल होते.

"तुमी बराबर सांगतलं होतं, भाऊ. माह्याच हातानं जास्त घासल्या गेलं."

"हाव," मी म्हणालो, "तुहा हात जडच हाये."

तेव्हापासून नसरीननं मशीन कधी स्वतः उघडलं नाही. आज बाकावर होतं तेही तिचंच.