काट्याजवळची झडती

"ब्लाउजमधी किती किलो कोंबलंस गं?"

मालकीणबाईनं हे विचारलं तेव्हा काट्याभोवती वीसेक बाया होत्या, दोन गडी, मालक, टेम्पोचा ड्रायव्हर. डोंगरकड्याच्या शिवारातलं कापसाचं रान. दिवसभर वेचलेला कापूस कमरेच्या ओटीत बांधून आणायचा, काट्यावर घालायचा. माझी ओटी तोलून झाली होती. मालकीणबाईची नजर ओटीवरून वर सरकली आणि तिथंच थांबली.

माझी छाती मोठी. किती मोठी? तर वारंगा फाट्यावर मी एसटीतून उतरायच्या आधी ती उतरायची आणि रसवंतीवर माझी वाट बघत बसायची. शिंपी माझं माप टेपानं नाही, बैलाच्या कासऱ्यानं घेतो, असं आमच्या वस्तीत म्हणत. म्हणत म्हणजे, मीच म्हणायची. दुसऱ्यानं हसायच्या आधी आपणच हसवलं की कमी लागतं, हे मी आठवीत शिकले. शाळा तेव्हाच सोडली. सगळ्यांना सांगते, गुरुजी माझ्या हुशारीला घाबरले. खरं हे, की खेळाच्या तासाला पोरांसमोर धावायचं नव्हतं.

खांद्यावर पट्ट्यांच्या खाचा, बोट मावेल अशा. उन्हाळ्यात छातीखालची चामडी सोलून निघायची. वाकून वेचताना मानेवर कुणी बसलंय असं वाटायचं. याची गंमत करून सांगता आली नाही, म्हणून हे कुणाला सांगितलंच नाही.

"झटक," मालकीणबाई म्हणाली.

"बाई, माझं अंगच हाय हे."

"समद्या असंच म्हणतात."

समद्या म्हणजे आमच्या वस्तीतल्या. मालकाच्या भावकीतल्या दोघी माझ्या शेजारच्या ओळीत वेचायच्या. त्यांची ओटी तोलली जायची. अंग नाही.

मालकीणबाई पुढं आली. पदर बाजूला केला, सरळ आत हात घातला. डावीकडं दाबलं.

"हे बघा! गाठोडं बांधून ठेवलंय. काढ!"

चिमटीत धरून ओढलं तिनं. मी अशी ओरडले की तिकडं औंढ्याच्या देवळावरची कबुतरं उडाली असतील. ड्रायव्हर हसला. मालक रिकाम्या काट्याकडं बघत राहिला.

कापूस निघाला नाही. गाठ जिथल्या तिथं.

"न्हाई तर न्हाई. जा," ती म्हणाली आणि हात लुगड्याला पुसला.

मी एवढी तोंडाळ बाई. घर येईपर्यंत एक शब्द फुटला नाही. मोरीत जाऊन चाचपलं. डावीकडं, खोल. खरंच होती.

कॅन्सर. हिंगोलीत तपासलं, नांदेडला पक्कं झालं. तिथली सर्जन माझ्या लेकीच्या वयाची. म्हणाली, "मावशी, गाठ लहान आहे. ती काढू आणि त्याच वेळी दोन्ही बाजू लहान करून सारख्या करू. नंतरचे किरणांचे शेक सोपे जातील. पाठीचं ओझंही उतरेल."

"पाठीचं बी? मंग एवढी वर्षं कुणी सांगितलं काहून न्हाई?"

शेजारी मोठे डॉक्टर फाइल लिहीत होते. मान वर न करता ते बोलले, "अख्खं काढून टाका. मजुरीच्या बाईला आकार कशाला हवाय?"

पुन्हा तोच काटा. अंग माझं, ठरवणारं दुसरंच कुणी. या वेळी मात्र तोंड फुटलं.

"रोगापायी काढायचं आसंल तर समदं काढा, साहेब. मजूर हाय म्हणून न्हाई."

सर्जन म्हणाली, रोगासाठी तशी गरज नाही. मी कागदावर सही केली. पूर्ण नावानं.

काढलेलं मांस तिथंही तोललं. किती भरलं ते मी विचारून घेतलं. वस्तीत सांगते, दोन कट्टे हळद भरली असती. हसतात बाया. उजवीकडं अजून बधिर आहे, डावीकडं शेकाचा काळा डाग, आणि दर तपासणीच्या आदल्या रात्री मी मोरीत जाऊन पुन्हा चाचपते. ते नाही सांगत.

मग मालकीणबाईचा निरोप आला. भावकीतली एक घेऊन आली. "त्या म्हणून राहिल्या, माझा हात लागला म्हणून वाचली. पेढे घेऊन पाया पडायला तरी यावं."

सासू म्हणाली, "जाऊन ये माय. उपकारच झाले."

झोंबलं ते हे, की खोटं नव्हतं. तो हात पडला नसता तर मला कळलं नसतं. आठ दिवस मी हे चघळलं. गिळता येईना, थुंकता येईना.

गेले. पेढे न घेता. रानात तोलायचा काटा लागला होता.

"आली का? बघा गं," मालकीणबाई बायांना म्हणाली, "माझ्या हाताचा गुण!"

"तुमचा हात गाठ धुंडत नव्हता, बाई. चोरी धुंडत होता. सापडलं ते माझं नशीब. तुमचा उपकार न्हाई."

रांगेत पुढं आमच्याच वस्तीतली नवी सून, ओटी धरून उभी. मालकीणबाईचा हात सवयीनं तिच्या पदराकडं गेला. मी मधे उभी राहिले.

"ओटी तोला. अंग तोलायचं न्हाई."

त्या दिवसापासून मला त्या रानात काम नाही. आणखी दोन मालकांनीही बंद केलं. सासू बोलत नाही. तरी काटा लागला की मी बांधावर हजर असते. पुढच्या सालीही असेन. हात कुणाच्या पदराकडं गेला तर तो मी मनगटात धरणार, मालकासमोर, सगळ्यांसमोर.

माझ्या गोष्टीतलं निम्मं सोडून द्यायची लोकांना सवय आहे. यातलं काही सोडू नका.