फ्यूजला गुंडाळलेली तार

साताऱ्यात आमच्या गल्लीत कुणाचा मिक्सर बंद पडला किंवा पंखा घरघरायला लागला की लोक माझ्याकडे येतात. मी इलेक्ट्रिशियन नाही. एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. पण हातात सोल्डरिंग गन आणि मीटर दिसला की लोकांचा विश्वास बसतो, आणि खरं सांगायचं तर मलाही ते आवडायचं. आलेल्या माणसाला मी कधी नाही म्हणालो नव्हतो.

समोरच्या घरातल्या काकू हवाईयन गिटार वाजवतात. मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातला स्टीलचा दांडा तारांवरून सरकवत. काका लष्करात होते. गिटार त्यांची आणि तिचा अँप्लिफायरही त्यांचाच, निवृत्त होताना पुण्याहून आणलेला, लहान ट्रंकेएवढा. काका गेल्यावर वर्षभर ते सगळं चादरीखाली झाकलेलं होतं. मग एके दिवशी काकूंनी चादर काढली आणि सत्तरीला टेकलेल्या असताना क्लास लावला. दर गुरुवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यांच्यासारखे चारपाच जण जमतात आणि जुनी गाणी वाजवतात.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्या अँप्लिफायरमधून खरखर यायला लागली. काकूंनी मला बोलावलं.

"बघ रे बाबा, आवाजाचं बटण फिरवलं की कढईत पापड टाकल्यासारखं होतंय."

बटणात धूळ होती आणि गिटारची पिन घालतात ते सॉकेट आतून सैल झालं होतं. बटण साफ केलं, सॉकेटला नव्याने सोल्डर दिलं. अर्ध्या तासाचं काम. काकूंनी एक गाणं वाजवून पाहिलं आणि मला वाटीभर आंब्याचा शिरा दिला. मी खूश होऊन घरी आलो. पुढे जे झालं त्याचं थोडंफार कारण तो शिरा आणि ती खुशीच होती, असं मला आता वाटतं.

पंधरा दिवसांनी अँप्लिफायर पूर्णच बंद पडला. मी तो घरी आणला. मागचा काचेचा फ्यूज उडाला होता. तसाच दुसरा बसवला, तोही लागलीच उडाला. इथे थांबायला हवं होतं. फ्यूज उडतो म्हणजे आत कुठेतरी बिघाड आहे आणि तो आपल्याला सांगतोय, हे मी शाळेत दरवर्षी नववीच्या मुलांसमोर तक्त्यावर दाखवतो. पण त्या रविवारी सकाळी मी मोबाइलवर दोनतीन व्हिडिओ पाहिले होते. मला वाटलं, क्षणभर चालू राहिला तर कुठला भाग तापतोय ते हाताला कळेल. म्हणून वायरमधली तांब्याची एक तार सोलून काढली, उडालेल्या फ्यूजला गुंडाळली आणि बटण दाबलं.

आधी घूं असा जड आवाज आला. मग वॉर्निश जळल्याचा वास. मी प्लग ओढेपर्यंत ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघाला होता. बायको स्वयंपाकघरातून आली, खिडक्या उघडल्या, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि परत गेली.

त्यानंतर तीन दिवस मी शाळेला मागच्या बोळातून गेलो. चौथ्या दिवशी काकूंनी मला दुधाच्या दुकानात गाठलं.

"झालं का रे?"

"एक पार्ट मागवलाय," मी म्हणालो.

कुठलाही पार्ट मागवला नव्हता. घरी येऊन त्या जळक्या डब्यासमोर बसलो. मिक्सर जळला असता तर नवा आणून दिला असता. पण काकांनी आणलेली ही वस्तू मी कुठून आणणार होतो? संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. आतून बारीक, पत्र्यावर नख फिरवावं तसा आवाज येत होता. अँप्लिफायर नाही म्हणून काकू गिटारच्या लाकडावर कान जवळजवळ टेकवून सराव करत होत्या.

मी आत जाऊन बसलो आणि सांगून टाकलं. "काकू, पार्ट वगैरे काही मागवला नाही. फ्यूज सारखा उडत होता म्हणून मी त्याला तार बांधली. ट्रान्सफॉर्मर जळला. माझ्या हातून जळला."

काकूंनी स्टीलचा दांडा खाली ठेवला.

"वास रविवारीच आला होता मला," त्या म्हणाल्या. "खिडकी तुझ्याच बाजूला आहे ना माझी. तू कधी येऊन सांगतोस याची वाट बघत होते."

"मग दुकानात विचारलंत ते?"

"म्हटलं, सोपं करून द्यावं तुला. पण तू ते पार्टचं काढलंस मधेच."

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "आता हे कुणाला येतं? ज्याला खरोखर येतं असा माणूस सांग."

शाळेच्या स्नेहसंमेलनात माइक लावणाऱ्या माणसाला मी फोन केला. त्याने सांगलीतल्या एका कारागिराचा पत्ता दिला. भजनी मंडळांचे आणि बेंजो पार्ट्यांचे अँप्लिफायर तो दुरुस्त करायचा, ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंगही स्वतः करायचा. मी एकटाच जाणार होतो, पण काकू म्हणाल्या, "वस्तू माझी आहे, मीही येणार." शनिवारी सकाळी अँप्लिफायर पोत्यात घालून आम्ही एसटीने निघालो. कराडला गाडी थांबली तेव्हा काकूंनी डब्यातल्या दशम्या काढल्या. खाताखाता म्हणाल्या, "तुझ्या काकांनी एकदा माझं शिलाई मशीन खोललं होतं. तेल घालतो म्हणाले. शेवटी सगळे भाग घमेल्यात घालून माझ्यापुढे ठेवले." मला हसू आलं आणि लाजही वाटली.

कारागीर पंचावन्नच्या आसपासचा, आटपाडीकडचा. त्याचे वडील मेंढरं घेऊन हिंडायचे. हा मात्र विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायला शिकला आणि त्यातून इकडे आला. त्याने पोतं सोडलं आणि मागचं झाकण काढलं. पण हात लगेच आत घातला नाही. होल्डरमधला एक बल्ब घेतला आणि त्याच्या दोन वायरी मोठ्या कंडेन्सरला लावल्या. बल्ब लागला नाही.

"काही नव्हतं का त्यात?" मी विचारलं.

"न्हवतं. पर बगायचं. करंट साठून ऱ्हातो कवा कवा. प्लग काढला म्हंजे झालं, असं न्हाई."

मी आजवर कितीतरी डबे उघडले होते. एकदाही हे केलं नव्हतं.

मग त्याला तो फ्यूज दिसला. चिमट्यात धरून त्याने तो उजेडात नेला.

"सर, ही तार कुणी बांदली?"

काकू शेजारीच बसल्या होत्या. "मीच," मी म्हणालो.

"डायोड शॉट झालाय ह्यातला. बारकं काम हुतं. ट्रान्सफार्मर गेला त्यो तुमच्या तारंनं." आवाज चढवला नाही, ताप किती आहे ते डॉक्टर सांगतात तसं सांगितलं. "घरी काय काय करता तुमी?"

मी सांगितलं. पिना, सॉकेट, बटणं, तुटलेल्या वायरी.

"ते करा की. चांगलंच करता, ह्यो सॉकेटचा टाका झ्याक हाय. पर फ्यूज दुसऱ्यांदा उडाला की हात काढायचा. तिथनं फुडं माज्याकडं या."

काकूंनी विचारलं, "नव्यासारखा होईल का?"

"नवा न्हाई हुनार, मावशी. हुता तसा हुईल." मग त्याने पुढची जाळी काढून स्पीकरच्या कागदावरून बोट फिरवलं. कडेला चीर होती. "ह्ये मातुर मला जमत न्हाई. मिरजंला एक जण हाय, त्येच्याकडं धाडतो."

त्याने हे इतक्या सहज सांगितलं की मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याच्या दुकानात माझ्या डोक्याएवढे ट्रान्सफॉर्मर रांगेने मांडलेले होते, आणि कागदाची एक चीर आपल्याला जमत नाही हे सांगताना त्याला काहीच वाटलं नव्हतं. येताना एसटीत मी बराच वेळ त्याचाच विचार करत होतो. काकू खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या.

तीन आठवड्यांनी मी जाऊन अँप्लिफायर घेऊन आलो. आवाज आधीपेक्षा थोडा खोल येतो आणि काहीच वाजत नसतं तेव्हा बारीक सूं ऐकू येतं. काकूंना ते चालतं. पहिल्या संध्याकाळी त्यांनी तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा मधेच अडकल्या. "महिनाभरात हात गेला माझा," म्हणाल्या आणि चौथ्यांदा सुरुवात केली.

दिवाळीनंतर गल्लीतला एक जण मायक्रोवेव्ह घेऊन आला. फ्यूज उडतोय, जरा बघा म्हणाला. मी विचारलं, नवा फ्यूज घातला होता का? घातला होता, तोही उडाला. मी म्हणालो, हे माझं काम नाही, यात जीव जाऊ शकतो, कंपनीच्या माणसाला दाखवा. त्याला वाटलं, मी टाळतोय. "सगळ्यांचं करता, आमचंच जड झालं व्हय?" म्हणून तो उचलून घेऊन गेला. अजूनही भेटला की नीट बोलत नाही. मला थोडं वाईट वाटतं, पण झोप लागते.

काकूंचा अँप्लिफायर जड आहे, म्हणून गुरुवारी संध्याकाळी तो वाचनालयापर्यंत मीच पोचवतो. जिना चढून हॉलमध्ये ठेवतो, प्लग लावून देतो आणि मागच्या खुर्चीवर बसून एकदोन गाणी ऐकतो.