पायरीवरचं खोकं

ऑब्री लेगटने एकतीस वर्षं पाणी उपसायच्या पंपांवर काढली होती. त्या भागातली जमीन समुद्राहून खाली. पंप दोन दिवस बंद राहिले तर बीटाच्या शेतांची तळी व्हायची. पाणी धावून येत नाही, हे तो तिथे शिकला. ते गप्प उभं असतं आणि तेवढ्यात बोटभर वर आलेलं असतं. म्हणून जे जे शांत दिसेल त्याच्याकडे तो तिरक्या नजरेने बघायचा. "तुला कुणी सुप्रभात म्हटलं तरी तू आधी आभाळ तपासतोस," असं त्याची बायको म्युरिएल म्हणायची. ती फेब्रुवारीत गेली. तेव्हापासून घरातली शांतताही त्याला तपासावीशी वाटे.

सुगीच्या रविवारी चर्च भरलं होतं. खिडक्यांच्या कडांवर सफरचंदं आणि भोपळे, वेदीपाशी गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा मोठा पाव, बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाला ऑब्रीने स्वतः पिकवलेले आणि हिरव्या सुतळीत गुंफलेले कांदे. धर्मगुरू असलेल्या व्हिकरबाईंकडे सहा गावांची सहा चर्चं. त्यांनी प्रवचन आटोपतं घेतलं आणि दारात सगळ्यांशी हात मिळवले. ऑब्रीचा हात त्यांनी जरा जास्त वेळ धरून ठेवला.

"जेवता ना नीट?"

"जेवतो की," ऑब्री म्हणाला, आणि हे यांना कुणी विचारायला सांगितलं असेल, याचा विचार करत बाहेर पडला.

उपासना संपली की ती सगळी फळं-भाजी खोक्यांत भरून गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांकडे पोचवायची, अशी तिथली रीत. ऑब्री हे काम सव्वीस वर्षं करत होता. दार दोनदा ठोठावायचं, आत जायचं, दहा मिनिटं बसायचं. बोलायचं हवेबद्दल, आणि बघायचं मोरीकडे: बशा साचल्यात का, चूल पेटलेली आहे का. काही खटकलं तर चर्चची कारभारीण एनिड सार्जनच्या कानावर घालायचं. म्हाताऱ्यांची यादी एनिडकडे असे. त्या यादीत नाव चढत असे. ते खाली यायचं माणूस चर्चमागच्या गवताखाली गेल्यावरच. नावावर रेघ मारायचं कामही ऑब्रीचंच. ती रेघ तो पट्टीने मारायचा.

या वर्षी एनिडने त्याच्या हातात चिठ्ठी दिली तर तीत पाचच नावं. दरवर्षी आठ असत.

"बाकीची कुठे गेली?"

"कीथला दिलीत. त्याची गाडी मोठी आहे."

"खोकी तेवढीच आहेत, एनिड."

"आणि तुझे गुडघे? तेही तेवढेच आहेत का?" असं म्हणून ती फुलदाण्यांकडे वळली. शाळेत असल्यापासून ती खोटं बोलताना पाठ फिरवायची. कीथ हॅलम दोन वर्षांपूर्वी शहरातून आलेला, निवृत्त, गुळगुळीत दाढी केलेला माणूस. गावात त्याला अजून कुणी शिवी दिली नव्हती, म्हणजे तो अजून गावचा झाला नव्हता.

शेवटचं खोकं डेझमंड ब्लेड्सचं. हा पंपांवरचा ऑब्रीचा जुना मुकादम. अठ्ठ्याऐंशीचा, पाय गेलेले, जीभ शाबूत. ऑब्री तिथे बसला, पावसावर बोलला, बीटावर बोलला. डेझमंडने तीनदा घड्याळाकडे पाहिलं तेव्हा कुठे तो उठला.

घरी आला तर पायरीवर खोकं.

आधी त्याला वाटलं, आपणच एखादं विसरलो. मग झाकणावरचं नाव वाचलं. लेगट. एनिडचं अक्षर. आत डबाबंद पीच, चहा, बटाटे, रविवारच्या शाळेतल्या कुठल्या तरी पोराने रंगवलेलं कार्ड, आणि सगळ्यांच्या वर त्याचेच कांदे, त्याच्याच सुतळीत.

समोरच्या घरातला पडदा हलला. ऑब्रीने कोट काढून खोक्यावर टाकला आणि चोरीचा माल आणावा तसं ते आत नेलं.

तो जेवला नाही. बसून हिशेब लावू लागला. ऑगस्टमध्ये तो शिडीवरून पडला होता, ते कुणी पाहिलं? शेजारीण तेव्हा कपडे वाळत घालत होती. जूनमध्ये तो चर्चच्या घड्याळाला चावी द्यायला विसरला होता, एकदाच. कीथने तेव्हा हसून "मी देतो ना" म्हटलं होतं. त्याला ही खोकी हवीत का? आधी तीन, मग पाच, मग सगळी? मोरीत बशा होत्या. ऑब्री उठला, त्या धुतल्या, आणि कुणासाठी धुतल्या हे लक्षात येऊन आणखीच चिडला.

सोमवारी एनिड चर्चमध्ये बाकांखालचा भुसा झाडत होती.

"माझं नाव कुणी दिलं?"

"सुप्रभात, ऑब्री."

"कुणी दिलं?"

"लिहिलं मी. दिलं दुसऱ्याने. कुणी, ते सांगायचं नसतं. हा नियम तूच केलास ना रे? लोकांची तोंडं बंद राहिली पाहिजेत म्हणून टेबलावर मूठ आपटली होतीस."

"ते दुसऱ्यांसाठी होतं."

"हो का? सगळे दुसरेच असतात यादीत." तिने झाडू भिंतीला टेकवला. "रागावू नकोस. पीच खा. चांगल्यापैकी आहेत."

"कीथ होता का?"

"कीथला तुझं पहिलं नावसुद्धा माहीत नाही."

यावर त्याचा विश्वास बसला नाही. पण एनिड त्याच्याकडे तोंड करून बोलत होती, हे त्याला खटकलं.

तिथून तो सरळ डेझमंडकडे गेला. तक्रार करायला, आणि जमलं तर काही माहिती काढून घ्यायला. कारण डेझमंड खिडकीतून अख्खा रस्ता बघत असे.

"मला खोकं आलं," ऑब्री म्हणाला.

"कळलं."

"कुणाचं काम असेल हे?"

"माझं."

ऑब्री उभाच राहिला. डेझमंडने पायावरची शाल सारखी केली.

"बस. नाहीतर नको बसूस, तू बसलास की उठत नाहीस. बारा वर्षांपूर्वी माझं नाव कुणी दिलं होतं, लेगट?"

ऑब्री खुर्ची ओढून बसला.

"महिनाभर शोधत होतो मी. पाववालीवर संशय घेतला. बिचारीशी दोन वर्षं बोललो नाही. मग एक दिवस तू आलास आणि हवेवर बोलता बोलता माझ्या बशा मोजल्यास. तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू यायचा थांबला असतास."

बाहेर बीटाने भरलेली ट्रॉली गेली, काचा थरथरल्या.

"पण माझं चालतंय सगळं," ऑब्री म्हणाला. "मी अजून खोकी उचलतो. शिडीवरून पडलो ते एकदाच."

"शिडीचं मला ठाऊक नव्हतं. ते आता कळलं." डेझमंड जरा हसला. "म्युरिएल होती तेव्हा तू इथे दहा मिनिटं बसायचास. टोपी मांडीवर, एक पाय दाराकडे. आता दीड तास बसतोस. दर आठवड्याला. काल माझी झोप बुडाली. कोण कुणाच्या समाचाराला आलंय तेच मला कळेना."

"म्हणजे मी येऊ नये म्हणून दिलंत नाव?"

"ये ना. दहा मिनिटं ये. बाकीचा वेळ आणखी कुणाच्या तरी डोक्यावर बस. एकट्या मला तुझं ओझं पेलत नाही आता."

घरी जाताना ऑब्री कालव्याच्या काठाने गेला. पाणी संथ होतं. त्याने सवयीने पाण्याची पातळी दाखवणाऱ्या खुणेच्या खांबाकडे पाहिलं आणि पुढे झाला. म्हाताऱ्याने जे सांगितलं त्यात कुठे तरी लबाडी असणार, असं त्याला वाटत होतं. ती शोधत तो दारापर्यंत आला, आणि सापडला तो फक्त एक दोष: खोकं पायरीवर ठेवलं होतं. उरलेली नावं कीथकडेच होती; दार बंद दिसलं म्हणून तो खोकं ठेवून गेला होता, आणि पुन्हा आला नव्हता. सव्वीस वर्षांत त्याने एकही खोकं पायरीवर सोडलं नव्हतं.

मंगळवारी त्याने ते खोकं उचललं, गाव ओलांडून कीथच्या दारात नेलं. वाटेत दोघांनी पाहिलं. पाहू दे.

"हे परत घे," तो म्हणाला.

कीथचा चेहरा पडला. "काही चुकलं का माझं, मिस्टर लेगट? तुम्ही घरी नव्हतात, मी दोनदा..."

"मी नसेन तर पुन्हा यायचं. पायरीवर ठेवून जायला मी काय मांजर आहे? चार वाजता घेऊन ये. दोनदा ठोठाव."

चार वाजता ठोठावल्याचा आवाज आला. ऑब्री दारामागेच उभा होता. दुसऱ्यांदा ठोठावेपर्यंत तो हलला नाही. मग त्याने दार उघडलं आणि कीथच्या मागे रस्त्यावर आणखी कुणी आहे का ते पाहून घेतलं.

"आत ये. ते टेबलावर ठेव. बस, त्या नको, या खुर्चीवर."

कीथ टोकावर बसला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"मी नक्की काय करायचं असतं?"

"काही नाही. बसायचं. माझ्यावर लक्ष ठेवायचं, आणि ठेवतोय असं दाखवायचं नाही."

कीथने मान डोलावली आणि लगेच सरळ मोरीकडे पाहिलं, मग चुलीकडे, मग छताकडे. ऑब्री त्याच्याकडे बघत राहिला.

"जमत नाहीये तुला," तो म्हणाला. "पुन्हा यावं लागेल." आणि त्याने किटलीत दोन कपांचं पाणी भरलं.