कोब्यात उमटलेला उजवा पाय

आमच्या घरातला देवाचा पाय माझा आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर दर वैशाखात त्या पायावर हळदकुंकू वाहून येते.

सांगायचं तर वडिलांपासून सुरुवात करायला हवी. ते मुंबईत कारकून होते. वर्षभर साहेबाच्या हुकमानं कागद हलवायचे आणि मे महिन्यात रजा घेऊन दिवेआगरला आले की घर हलवायचे. बाकीच्या वाड्यांतून त्या दिवसांत कौलं चाळणं, लाकूडफाटा भरणं, पापड-सोलं वाळवणं चाललेलं असे. आमच्याकडे त्याखेरीज एक ‘सुधारणा’ असे. एका उन्हाळ्यात त्यांनी पुढचं दार उत्तरेला नेलं, कारण वारा. पुढच्या उन्हाळ्यात ते परत जागच्या जागी आणलं, कारण कुत्री. एका वर्षी ओटीपासून स्वयंपाकघरापर्यंत दोरी ताणून तिला घंटा बांधली. चहा हवा असला की ओटीवरून दोरी ओढायची. पण दोरी अंगणावरून जायची आणि तिच्यावर कावळे बसू लागले. तो सगळा उन्हाळा आईनं कावळ्यांसाठी चहा टाकला.

आत्या वडिलांची थोरली बहीण. अगदी लहानपणी विधवा होऊन माहेरी आलेली, आणि पुढं तिनंच आमचं घर सांभाळलं. तिचं मागणं एकच होतं. पावसाळ्यात आमच्या शेणानं सारवलेल्या जमिनीला ओल यायची, आणि माजघरात ती ज्या कोपऱ्यात निजायची तिथं सर्वांत जास्त. आषाढ लागला की तिचे गुडघे सुजायचे ते दसऱ्यापर्यंत. भिंत धरून उठायची, भिंत धरून बसायची.

एकदा वडील नव्या सुधारणेचा आराखडा जमिनीवर कोळशानं काढत होते, तेव्हा ती म्हणाली, “अरे बाबा, दार फिरवलंस, घंटा बांधलीस. आता माझ्या पाठीखाली काहीतरी कोरडं घाल. नाहीतर मला त्या दोरीवर तरी टांग. कावळे जागा देतील.”

ते वडिलांना लागलं असावं. एकोणीसशे तिसाच्या सुमाराचा तो उन्हाळा. पुढच्या खेपेला ते आगबोटीतून विलायती मातीची पोती घेऊन आले. तेव्हा आमच्याकडे सिमेंटला विलायती मातीच म्हणत. अडगळीची खोली रिकामी करून तिथं आत्यासाठी कोबा करायचा ठरलं. आमच्या आळीत असली जमीन कुणाकडे नव्हती. म्हसळ्याहून गवंडी बोलावला. आत्या रोज दारात उभी राहून बघायची आणि म्हणायची, “एवढं गुळगुळीत नको रे करूस. निजले तर घसरत समुद्रात जाईन.” पण तिनं अंथरुणाची नवी गोधडी शिवायला घेतली होती.

मी तेव्हा बावीस वर्षांचा. मुंबईला नोकरीला लागलो होतो आणि तिथं विडी ओढायला शिकलो होतो. विडी ओढणारा मुलगा घर बुडवतो, असं वडिलांचं ठाम मत. त्यामुळे माझं बंडल मी अडगळीच्या खोलीतल्या वरच्या कोनाड्यात लपवलं होतं. खोली रिकामी केली तरी कोनाड्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. पण जमीन घोटून झाल्यावर गवंडी म्हणाला, “उंद्या भिंतीला हात लावतो. तंवर आत कुनी पाय घालायचा न्हाय.” उद्या त्याचा हात कोनाड्यात जाणार आणि बंडल वडिलांच्या हातात.

दुपारी सगळे जेवून आडवे झाल्यावर मी खोलीपाशी गेलो. खोली अरुंद, आणि तिच्या मधोमध सोवळं वाळत घालायची दांडी आढ्याला टांगलेली होती. मी उंबऱ्यावरून झेप घेतली, एका हातानं दांडी धरली, उजवा पाय खाली टेकला, डावा हवेत ठेवला, दुसऱ्या हातानं बंडल उचललं आणि झोका घेऊन पुन्हा उंबऱ्यावर आलो. एवढी अक्कल मी आयुष्यात पुन्हा कधी दाखवली नाही. वळून पाहिलं तर त्या आरशासारख्या जमिनीच्या मधोमध एक उजवा पाय. पुढं काही नाही, मागं काही नाही.

गवंडी उठला की गुपचूप त्याला सांगून थापी फिरवून घ्यावी, असा माझा बेत होता. मी विहिरीवर पाय धुऊन येईपर्यंत वडील उठले होते.

“कुणाचा पाय हा?” त्यांचा आवाज समुद्रापर्यंत गेला असेल.

गवंड्यानं आधी स्वतःचा पाय पुढं केला. तो फावड्याएवढा रुंद होता. मग तो खाली वाकून ठसा बघत राहिला आणि म्हणाला, “मालक, ह्याला चार बोटं हायत.”

होती खरी. माझ्या उजव्या पायाची करंगळी जन्मापासून वर उचललेली आहे, ती जमिनीला टेकत नाही. हे मला माहीत होतं. वडिलांना नव्हतं. त्यांनी घरातल्या साऱ्यांना ओटीवर बसवलं आणि एकेकाची बोटं मोजली. माझीही मोजली. पाच भरली.

“मानसाचा पाय असता तर दुसरा कुठं हाय?” गवंडी म्हणाला. त्याला जमीन पुन्हा करायची नव्हती. “मानूस काय वरून गळतो व्हय?”

उपाध्येबुवांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ डोळे मिटले आणि उघडून म्हणाले, “आलेला दिसतो. गेलेला दिसत नाही.”

म्हणजे जो कोण आला तो अजून खोलीतच होता. वडिलांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांच्या सुधारणांना वरून कुणीतरी दाद दिली होती.

आत्या मात्र दारात गोधडी घेऊन उभी. “मग मी कुठं निजू?”

“आक्का, देव घरी आल्यावर असं विचारतात का?”

“तो एका पायावर उभा आहे ना? मी बाजूला आडवी होईन. त्याला कुठं अडचण आहे?”

“तुझे पाय लागतील त्याला.”

“डोकं तिकडे करीन.”

“आक्का!”

मी ओटीवर होतो. बंडल कमरेला खोचलेलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पाय माझा म्हटलं की विडी आली, आणि विडी आली की... मी बोललो नाही. मनात म्हटलं, चार दिवसांत सगळे विसरतील.

विसरायची कुणाला सवड नव्हती. पायाभोवती लाकडी कठडा आला, ती त्या सालची सुधारणा. दिव्याला वारा लागू नये म्हणून खिडकी बुजवली, ती पुढच्या सालची. होडी पाण्यात लोटण्याआधी कोळी नारळ ठेवून जाऊ लागले. एका बाईनं ठशाचं माप दोऱ्यानं घेतलं आणि तो दोरा लेकाच्या गळ्यात बांधला. रोज एक पान वाढलं जाई, आणि ते सोवळ्यात रांधायचं काम आत्याचं. दुखऱ्या गुडघ्यांनी ती ते पान आत नेऊन ठेवी, आणि रात्री माजघरातल्या ओल्या कोपऱ्यात निजे. देवाकडे पाय होऊ नयेत म्हणून वडिलांनी तिचं अंथरूणही उलटं करायला लावलं. त्यामुळे डोकं भिंतीच्या ओलीत आलं. कोरड्या खोलीत मांजर निजे. मांजराला देवाकडे मज्जाव नव्हता.

“त्याचं काय पुण्य असेल ते असेल,” आत्या मांजराकडे बघून म्हणायची.

मी उन्हाळ्यात घरी आलो की मोजे घालून वावरायचो. विहिरीवरून ओल्या पायांनी ओटीवर आलो असतो तर चार बोटांचा देव साऱ्या घरभर हिंडलेला दिसला असता. कोकणात, वैशाखात, पायात लोकरीचे मोजे! आळीतले म्हणत, मुंबईत साहेब झाला. माझं लग्न झालं. बायकोनं माझे पाय पाहिले, पण देवाशी जुळवून बघायचं तिच्या मनात कधी आलं नाही. कुणाच्या येईल?

एका उन्हाळ्यात मी हिय्या करून वडिलांना म्हणालो, “त्या पायाबद्दल जरा बोलायचं होतं.”

त्यांनी माझा दंड धरून मला खोलीत नेलं. “बघ, काय सुबक आहे! आपल्या घराण्यात असा पाय आहे का कुणाचा? टेक डोकं.”

मी माझ्या पायावर डोकं टेकलं.

आत्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात मुंबईला निघताना तिला नमस्कार करायला वाकलो. ती आता उठत नव्हती. तिनं पाय मागं ओढले.

“राहू दे. देवानं माणसाच्या पाया पडू नये.”

मी तसाच वाकलेला राहिलो.

“तू चालायला लागलास तेव्हापासून ओटीवरची तुझी ओली पावलं मीच पुसत आलेय,” ती म्हणाली. “चारच बोटं उठायची. मला कुणी विचारलंच नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू सांगशील म्हणून थांबले होते. आणि ते मोजे काढ रे. उकडून मरशील.”

मी मोजे काढले नाहीत. बाहेर वडील गाडीवानाशी बोलत होते, आगबोटीची वेळ झाली होती, आणि मी गाडीत जाऊन बसलो. दिवाळीत येऊन सांगीन, असं वाटेत ठरवलं.

त्या श्रावणात आत्या माजघरातच गेली. मी पोचलो तेव्हा तिचं अंथरूण ओटीच्या दांडीवर वाळत टाकलेलं होतं. हात लावून पाहिला. ओलं होतं. कोब्यासाठी शिवलेली गोधडी ट्रंकेत घडी न मोडता पडून होती.

आता वडील नाहीत, आई नाही. घर माझं आहे, आणि खोली अजून देवाची. हे लिहिलेलं वाचून बायको येत्या वैशाखात हळदकुंकवाचं काय करील, मला ठाऊक नाही. तिला करायचं ते ती करो. मोजे काढून, ज्यांनी ज्यांनी तिथं नारळ ठेवला त्यांच्यासमोर त्या ठशात पाय ठेवून दाखवायचं माझ्याकडे राहिलं आहे. आणि आत्याला मी एक कोरडी खोली देणं लागतो. ती दिलेली नाही.