कापामावशीचं लिंबू

कापामावशीकडे चहा सगळ्यांना मिळायचा, पण निघताना झडती व्हायची. "बाह्या झटक," ती दार अडवून म्हणायची. मग पिशवी, मग टोपी. रशियातल्या आमच्या पावलोवो गावात खिडकीखिडकीत लिंबाचं झाड, आणि बायांची पक्की खात्री, की मागून आणलेली डहाळी रुजत नाही, चोरलेली हमखास रुजते.

कापितोलिना येगोरोव्ना हे तिचं पूर्ण नाव. सुऱ्यांच्या कारखान्यात तीस वर्षं पाती घासली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. होतं ते हे झाड, तिच्या आईने कुणाकडून तरी ढापलेलं. बाहेर गोठलेल्या ओका नदीवरून ट्रक जात, आणि आत हे गरम देशातलं झाड सोळा लिंबं धरून उभं. दुहेरी तावदानांच्या मधे कापूस, फटींवर कागदाच्या पट्ट्या, रोज ओल्या फडक्याने पानं पुसायची. कुंडीवर आणि फळीवर पेन्सिलीची खूण होती, कुणी कुंडी हलवली तर कळावं म्हणून.

तिचा सगळ्यात जास्त संशय वरच्या मजल्यावरच्या तमारावर.

"बयेची नजर कधी कपात नसते."

"मावशी, तिच्याकडे स्वतःची दोन झाडं आहेत."

"तेच म्हणते मी. आली कुठून?"

झडती व्हायची नाही ती फक्त माझी. मी अंगणापलीकडच्या लाकडी घरात राहायचे. माझ्याकडे तिच्या घराची दुसरी किल्ली होती, आणि चोर मीच होते. अकरा वर्षांपूर्वी एक डहाळी अंबाड्यात खोचून नेली होती. आता ते झाड माझ्या मागच्या खोलीत छातीएवढं झालं होतं. मावशी आली की मी ती खोली बंद करायचे.

त्या जानेवारीत पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी तिला दवाखान्यात जावं लागलं. जाताना तिने मला शपथ घातली, "रिम्मा, कुणालाही आत घेऊ नकोस. तमाराला तर नाहीच नाही."

चौथ्या दिवशी तिच्या इमारतीतल्या खोल्या उबदार ठेवणारा गरम पाण्याचा नळ फुटला आणि घर गारठू लागलं. बाहेर उणे तेहतीस. मी धावले. माझ्या घरी शेगडी होती, पण कुंडी मला एकटीला जागची हलेना. तमाराचा नवरा दारात आला. "अहो, बाजूला व्हा, मी उचलतो. दोन मिनिटांचं काम."

"नको. मावशीची शपथ आहे."

"वेड लागलंय का तुम्हाला? झाड मरेल!"

मी दार लावून घेतलं. झाडाला गोधडी गुंडाळली, कोटही घातला. सकाळी पानं काळी पडली होती. त्या माणसाला मी आत का घेतलं नाही, हे आठवलं की आजही स्वतःचा राग येतो.

मावशी घरी आली. रडली नाही. नखाने खोड खरवडलं, मुळापर्यंत तपकिरी होतं. मग तिने पेन्सिलीच्या खुणा तपासल्या. त्या जुळत होत्या. "कुणी हात लावला नाही ना?"

"कुणीच नाही."

"शाबास," ती म्हणाली, आणि मला ते ऐकवेना.

त्याच दुपारी मी तिला माझ्या घरी आणलं आणि मागच्या खोलीचं दार उघडलं. मावशीने एक पान चुरगळून हुंगलं.

"किती वर्षं?"

"अकरा. अंबाड्यात खोचून नेली होती."

"आणि मी त्या तमाराच्या टोप्या तपासत बसले!"

एखादी डहाळी ने, असं मला म्हणायचं होतं. पण दिलेली रुजली नसती. मी टेबलावर कात्री ठेवली, तिच्याकडे पाठ केली आणि शेगडीवरच्या किटलीत उगाच डोकावत राहिले. मागे कात्री वाजली. मावशी चहा न घेताच निघाली. दारात मी तिची बाही झटकली नाही.

ती डहाळी रुजली. मार्चमध्ये मी तिच्याकडे चहाला गेले. निघताना मावशी दार अडवून उभी राहिली.

"बाह्या झटक," ती म्हणाली. "आणि अंबाडा सोड."

मी सोडला. किल्ली मात्र तिने परत मागितली नाही.