प्रतिपदेचं पाणी

एकादशीला सुकट भाजून खाणारे नाना रोज सकाळी न चुकता तिथी विचारायचे. रोह्याच्या वरच्या अंगाला, वीजघरातून सुटलेलं पाणी अडवणाऱ्या बंधाऱ्यावर ते तीस वर्षं गेटवाले होते. मी पेणच्या रामवाडीची, नुकतीच रुजू झालेली इंजिनिअर. मला वाटलं, म्हातारा देवभोळा दिसतोय. कसला देवभोळा! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा त्यांचा हिशोब होता. चतुर्थीला तीन वाजता. धरमतरच्या खाडीत मिठाच्या होड्यांवर वाढलेल्या माणसाला घड्याळ लागतंय कशाला?

मी साहेब असले तरी मला ते ‘बाय’ म्हणत, तेही एकेरीत. पहिला आठवडाभर माझा नुसता जळफळाट झाला. मग लक्षात आलं, मोठ्या साहेबांनाही ते ‘तू’च म्हणतात. गेटच्या स्क्रूला वंगण मात्र स्वतःच्या हाताने लावायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. गेट उचलताना तळवा लोखंडावर ठेवायचे. जरा वेगळी थरथर लागली की काम बंद. मग कुणी कितीही बोंबलो.

त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. भाद्रपदातली प्रतिपदा होती. वर पाऊस कोसळत होता, वीजघर पूर्ण चालू होतं आणि बंधाऱ्याचं पाणी धोक्याच्या लाल खुणेखाली जेमतेम हातभर राहिलं होतं. मी बंदराचं भरतीचं पुस्तक उघडलं. भरती पाऊण वाजता. सोडलेलं पाणी रोह्याला पोचायला एक तास. म्हणजे एक वाजता गेट उघडलं की पाणी ओहोटीबरोबर समुद्राकडे निघून जाणार. मी मोठ्या ऐटीत हुकूम सोडला.

नाना हलले नाहीत.

“तुझा पुस्तक बंदराचा हाय, बाय. भरती रोह्याला चढाया वर दोन तास लागतात. पानी पोचंल तवा रेतीचे मचवे तिथल्या पुलाखाली असतील.”

मी खुणेकडे बोट दाखवलं. त्यांनी पाण्याकडे पाहिलं आणि हातभर जागा पुरेल म्हणाले. मग गेटचं हँडल मांडीवर घेऊन खुशाल बसले. माझा पारा चढला. तिथल्या तिथे मेमो लिहिला, वरिष्ठाचा आदेश मोडला म्हणून. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना तो पहिलाच. वाचून त्यांनी शांतपणे सही केली. पावणेतीनला उठले आणि गेट उचललं. पाणी तेव्हा खुणेच्या चार बोटं खाली होतं.

संध्याकाळी रोह्याहून फोन आला. दोन वाजता रेतीचे तीन भरलेले मचवे भरतीवर पुलाखालून चढत होते, माणसांसकट. माझं ऐकलं असतं तर आमचं पाणी नेमकं त्यांच्यावर आदळलं असतं. मी रडले. मेमो फाडायला घेतला, तर नानांनी माझा हात धरला.

“फाडू नको. दोन महिन्यांनी मी नाय हिथं. गेट का थांबवला ता पुढल्याला कलाया नको?”

“पण नाना, तुमच्या फायलीला डाग लागेल.”

“लागू दे गो. मचवे लागले ना काठाला?”

मग मी त्याच कागदावर खाली लिहिलं: चूक माझी होती; रोह्याची भरती बंदरानंतर दोन तासांनी धरावी. सही केली. वरून मला यथास्थित झापण्यात आलं, आणि ते योग्यच होतं.

नाना निवृत्तीनंतर फार जगले नाहीत. मी पुढे बरेच बंधारे सांभाळले, बढत्याही घेतल्या. रोह्याच्या त्या बंधाऱ्यावर नवा गेटवाला रुजू झाला की अजूनही आधी तो कागद वाचायला देतात म्हणे. माझी चूक इतक्या लोकांनी वाचलीय, पण मला तिची लाज वाटत नाही. नानांच्या सहीखाली माझी सही आहे, एवढा मान मला दुसऱ्या कुठल्याच कागदाने दिला नाही.